डोणीतलं बिऱ्हाड

घंगाळाची कल्पना भास्करची होती. पुढे घरात ह्या गोष्टीचा विषय निघाला की तो "आपण सगळ्यांनी ठरवलं" असं म्हणून पाहायचा, पण त्याची आई, उमाबाई, माजघरातून तिथल्या तिथे दुरुस्ती करायची, "सगळ्यांनी नाही हो. तू."

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीचा चैत्र होता. मांडवीच्या वाटेवर सोमणांचं नारळी-पोफळीचं आगर आहे आणि आगराच्या मध्यावर पायऱ्यांची बाव. दर चैत्रात तिचं पाणी उपसायचं, तळाचा गाळ काढायचा आणि तो पोफळींच्या आळ्यांत टाकायचा, हा घराचा शिरस्ता. त्या साली देखरेखीला भास्कर होता, कारण तो मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसून पहिल्यासारखाच उठला होता आणि त्याला काहीतरी काम देणं भाग होतं. त्याने ते काम वरच्या पायरीवर छत्री उघडून, बसूनच चालवलं होतं.

खाली गाळात महिपत होता. आगराच्या वरच्या अंगाला, सड्याच्या म्हणजे कातळी माळाच्या कडेला महिपतच्या आईचं, येसूबाईचं, गवताने शाकारलेलं घर. महिपत स्वतः मुंबईला गिरणीत. शिमग्याला आला होता, बाव उपसून देऊन बोटीने परत जायचा होता. लंगोटी लावून तो गुडघाभर चिखलात उभा होता आणि त्याच्या करगोट्याला एक पितळी चावी लटकत होती.

"काय रे महिपत, गिरणीची चावी मालक तुझ्याकडेच ठेवतो की काय?" भास्करने वरून विचारलं.

महिपत हसला. "पेटीची हाय भाऊनू. मुंबैला पेटीशिवाय आपलं म्हनायला काय असतंय?"

तो टोपल्या भरून द्यायचा आणि त्याची बायको हौसा त्या डोक्यावरून आळ्यांपर्यंत न्यायची. लहानखुरी, काळीसावळी, विशीच्या जरा पुढची. एक टोपली ओतता ओतता ती थांबली.

"भाऊनू, ह्या चिखलात कायतरी चालतंय, बगा."

ढबू पैशाएवढी पाच पिल्लं होती कासवाची. पाणी साफ राहावं म्हणून कधीकाळी सोडलेली जुनी कासवं बावीत होतीच, पण त्यांची पिल्लं घरात कुणी पाहिली नव्हती. सगळे गोळा झाले. आता बाव कोरडी. तिला पाणी येईपर्यंत ह्यांना ठेवायचं कुठे? हौसा म्हणाली, ठेवू की गाळाच्या टोपलीतच, ओल आहे. भास्करला ते पटलं नाही. सोमणांच्या बावीतली कासवं आणि चिखलात? त्याने माडीवरून तांब्याचं मोठं घंगाळ उतरवायला लावलं, चिंचेने घासून लखलखीत करून घेतलं, काठोकाठ स्वच्छ पाणी भरलं आणि पाचही पिल्लं त्यात सोडून घंगाळ पोफळीच्या सावलीत ठेवलं. असं न्हाणीघर मामलेदाराकडेही नसेल, असं तो म्हणाला. मग सगळे जेवायला गेले.

परत आले तेव्हा तीन पिल्लं तळाशी होती. उरलेली दोन, वरून गळून पडलेल्या झावळीच्या तुकड्याला कशीबशी चिकटून तरंगत होती.

कासव पाण्यात बुडून मरतं, ही गोष्ट मॅट्रिकच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. हौसाने बोट फिरवून आतून त्याचा गुळगुळीत काठ चाचपला.

"पानी चांगलं होतं भाऊनू," ती म्हणाली. "पन टेकायला काय नव्हतं."

महिपतने चिखलाच्या हातांनी ती दोन पिल्लं उचलली आणि बायकोच्या पदरात टाकली. "घे. ही तुजी. मी मुंबैत खोली बगतोय, तू ह्यांच्यासाटी बग. कुनाची आदी होतेय ती बगू."

"आनी माजी आदी झाली तर?"

"तर तुजं बिऱ्हाड उचलून सरळ माज्या खोलीत आनायचं."

हौसा पदराचं टोक तोंडाला लावून हसली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि ती 'खोली मिळाली की नेतो' हे चारही शिमग्यांना ऐकत आली होती. पण ह्या खेपेला पैज होती, म्हणजे बोलण्याला काहीतरी धरायला कडा आली होती. उमाबाईंनी तेवढ्यात बजावलं, "बावीचं आहे हो हौसे. मोठी झाली की बावीला परत सोडायची." हौसाने मान डोलावली आणि जाता जाता भास्करकडे वळून म्हणाली, "भाऊनू, तीन तुमच्याकडं येणं ऱ्हायली. इसरायचं नाय."

दुसऱ्या दिवशी महिपतला घेऊन बोट गेली.

पहिलं घर म्हणजे मडकं. त्यात ओंजळभर पाणी आणि टेकायला दगड. पण मडक्याचं तोंड अरुंद, आत उजेड नाही, आणि पिल्लं भिंत चढायला बघत एकसारखी खरवडत राहायची. त्या आवाजाने येसूबाईची झोप उडाली आणि तिने सुनेला सांगितलं, एक तर ही इथे राहतील नाही तर मी. मग लाकडी काठवट झाली. ती उन्हात ठेवली तर तडकली, सावलीत ठेवली तर पिल्लं गारठून मान-पाय आत ओढून बसली ती बाहेर येईनात. ऊनही पाहिजे, सावलीही पाहिजे. पाणीही पाहिजे, कोरडंही पाहिजे.

"तुझी कासवं म्हणजे पेन्शनर साहेब झाली गो," भास्कर म्हणाला. "त्यांना आता समुद्राकडचा वारा लागतो का तेवढं विचार."

"इचारलंय. म्हनाली, आमचे तिगे भाऊ घंगाळात ऱ्हायले त्यांना इचारा."

असं तिचं बोलणं. दिलेली कोपरखळी ती व्याजासकट परत करायची. भास्करला मात्र तिची एक सवय फार उशिरा लक्षात आली. सोमणांच्या पडवीत, गोठ्यात, बावीच्या पायरीवर, कुठेही बसायच्या आधी ती विचारायची, "हितं टेकू?" आणि 'टेक की' म्हटल्याशिवाय टेकायची नाही. येसूबाईच्या घरातही तिचं असं ठिकाण नव्हतं. एकच खोली, ती सासूची. हौसा पडवीत भात कांडायच्या वायनापाशी आडवी व्हायची आणि तिची लग्नातली पेटी माळ्यावर गोवऱ्यांच्या मागे ढकललेली होती. पाऊस तिरपा आला की ती आपलं अंथरूण उचलून उभीच्या उभी सकाळ करायची. तक्रार करायची नाही. म्हणायची, "खोली होतेय न्हवं. मग काय, हातपाय पसरून."

डोण मिळाली ती पावसाळा संपल्यावर. सोमणांच्या गोठ्यामागे गुरांना पाणी पाजायची जांभ्या दगडाची जुनी डोण पडून होती, एका बाजूने काठ फुटलेली. उमाबाई म्हणाल्या, ने. भास्कर आणि हौसा ह्यांनी ती माडाच्या ओंडक्यांवरून ढकलत ढकलत सड्याच्या कडेला नेली. पण जांभा पाणी पितो. सकाळी भरलेली डोण संध्याकाळी कोरडी. भास्करने सुचवलं, आतून चुना लाव. हौसाने त्याच्यासमोर आपली बोटं धरली. "चुन्यानं माजी सालं निगतात. ह्यांची प्वाटं ऱ्हातील काय?" तिने कातळाच्या फटीतली चिकणमाती खणून आणली, मळली आणि अंगठ्याने दाबून दाबून प्रत्येक छिद्र बुजवलं. फुटक्या काठाच्या बाजूला तिने मातीचा उतार केला, म्हणजे पाण्यातून चालत वर येता यावं.

उतारावर घालायला वाळू हवी होती. ती भास्करने आणली, मांडवीच्या पुळणीवरून, रुमालात बांधून, फार ऐटीत. दोनच दिवसांत पिल्लांनी गांडुळं खायचं थांबवलं आणि डोळे मिटून घेतले.

"वाळू खारी हाय तुमची, भाऊनू. तीन झाली तेवडी फुरे आता." तिने सगळी वाळू उपसली आणि वहाळावर नेऊन जिभेला खारट लागेनाशी होईपर्यंत धुतली.

भास्करची एकच गोष्ट तिने मुकाट्याने मान्य केली. त्याने छपराचं एक नळ्याचं कौल आणून डोणीच्या कोपऱ्यात पालथं घातलं. खाली काळोखी सावली, वर पाठ तापवायला जागा. पिल्लं संध्याकाळपर्यंत त्यावर चढली. हौसा कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्यो माळा झाला," ती म्हणाली. "मुंबैच्या खोल्यांना माळा असतो म्हनतात."

वर घारी-मुंगसांना अडवायला विणलेल्या झावळ्यांचा झाप, त्याला सकाळचं ऊन आत यावं म्हणून ठेवलेली फट. असं ते बिऱ्हाड लागलं. आणि भास्करला रोजचा एक विषय मिळाला. आता तो एका वकिलाकडे नकला उतरवायला लागला होता; जाता-येता सड्यावरून ओरडायचा, "काय गो हौसे, मिळाली का खोली?"

"कुनाची? ह्यांची का माजी?"

"कुणाची का होईना."

"ह्यांची मिळाली. मी जिकले. आता मुंबैच्या सायबांस्नी सांगा, चावी पाठवा."

पुढच्या शिमग्याला महिपत आला तो दोनच दिवस. हौसाने पाण्याची घागर खाली ठेवून आधी त्याला डोणीपाशी नेलं. पिल्लं आता पुरीएवढी झाली होती. ती एकेक गोष्ट दाखवत होती: हा उतार, हा माळा, ही झापाची फट. महिपतने वाकून बघितलं. नवा शर्ट होता अंगात आणि नजर कुठेतरी दुसरीकडे.

"बरी हाय," तो म्हणाला. "माज्या खोलीपेक्शा ऐसपैस हाय."

हौसाचा चेहरा उजळला. "म्हंजे मिळाली?"

"मिळतेय कुटची. बगतोय अजून. इतर चौगांच्या खोलीत पडतोय, ती म्हनतोय मी."

भास्कर तिथेच कुंपणापाशी होता. त्यालाही वाटलं, बरोबर आहे, गडी बोलताना चुकतो. महिपतने पिल्लांना बोट लावलं नाही आणि पैजेचं नावही काढलं नाही. आपण पैज लावली होती हे त्याला आठवतच नव्हतं, पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. हौसा तर बोट सुटेपर्यंत बंदरावर उभी होती.

पावसाळ्यात बंद झालेल्या बोटी सुरू झाल्या आणि दिवाळीला दादू आला. दादू त्याच वाडीतला, महिपतच्याच गिरणीतला, साधा आणि पोटात काही न राहणारा. उमाबाईंना भेटायला म्हणून ओटीवर आला तेव्हा भास्कर नकला घेऊन बसला होता.

"काय दादू, आमच्या महिपतरावांना मुंबईत खोली मिळते का नाही? इकडे त्यांच्या बायकोने कासवांना बंगला बांधला."

"खोली?" दादू म्हणाला. "खोली कवाच घेतलान त्यानं. दोन वर्सं उलटली की. माळ्याची हाय."

भास्करने लेखणी खाली ठेवली. क्षणभर त्याला आनंदच झाला, की ही बातमी सड्यावर पहिल्यांदा आपण नेणार. मग त्याने दादूकडे पाहिलं. दादू ओटीच्या जमिनीवर नख ओढत होता.

"एकला नाय ऱ्हात तो. खानावळीत भाकऱ्या करायची ती बाई हाय. सरावनात पोरगा झाला. मला वाटलं, हितं समद्यांना ठाव असंल. येसूकाकीस हाय."

दोन वर्षं. म्हणजे त्या चैत्रात महिपत गुडघाभर गाळात उभा राहून पैज लावत होता तेव्हा खोली होती. करगोट्याला जी चावी लटकत होती ती पेटीची नव्हती. आणि भास्करने वरून छत्रीखालून तिच्यावर विनोद केला होता.

दादूला त्याने बजावलं, हौसाला काही बोलू नकोस. दादू नाही बोलला. भास्करनेही नाही सांगायचं ठरवलं. हे त्याने चांगलं निभावलं असं त्याला वाटत होतं. तो सड्यावरून रोज जात होता, डोणीकडे बघत होता, 'बरं आहे ना' म्हणत होता आणि पुढे जात होता. एक दिवस हौसाने त्याला थांबवलं. ती डोणीतलं पाणी बदलत होती.

"भाऊनू, दादू आल्यापास्नं तुमी इचारत नाय."

"काय?"

"खोली मिळाली काय म्हनून."

"अभ्यास असतो हल्ली मला," भास्कर म्हणाला.

"तुमी अब्यास करताय म्हंजे कायतरी मोटंच झालंय." ती हसली, पण पदर तोंडाशी नेला नाही. तिने तांब्या खाली ठेवला. "मिळाली न्हवं खोली?"

"हो," तो म्हणाला.

"कवा?"

"बाव उपसली तेव्हा होती."

"एकलेच ऱ्हातात?"

तो कौलावरच्या कासवाकडे बघत राहिला. ते मान लांब करून ऊन खात होतं.

हौसाने झाप जरा सरकवला, कारण सूर्य कलला होता आणि फटीतलं ऊन दुसऱ्या कासवाला पोचत नव्हतं. तिने ते पोचेल असं केलं.

"म्हंजे त्यांची आदी झाली," ती म्हणाली. "मी उगंच म्हनत व्हते, मी जिकले."

तिने खाली ठेवलेला तांब्या उचलला.

"माळा हाय काय खोलीला?"

"आहे म्हणतात."

"हां," हौसा म्हणाली. "असतोच."

त्याच दिवशी उन्हं उतरायच्या आत ती दोन्ही कासवं टोपलीत घालून बावीवर आली. उमाबाई तुळशीपाशी होत्या. त्यांनी विचारलं, आत्ताच का सोडतेस, अजून लहान आहेत. हौसा म्हणाली, बावीचं बावीला. पायऱ्या उतरून ती पाण्यालगतच्या पायरीपर्यंत गेली आणि, भास्करने वरून पाहिलं, कुणालाही न विचारता तिथे बसली. एक कासव टोपलीतून निघून सरळ पाण्यात गेलं. दुसरं तिच्या पावलाशी थांबलं. तिने त्याला ढकललं नाही. ते आपण होऊन गेलं, तरी ती उठली नाही. तिचे खांदे हलत होते. तिला रडताना आवाज करायची सवय नव्हती. पडवीत झोपणाऱ्या माणसाला ती लागत नाही.

भास्कर वरच्या पायरीवर उभा होता, जिथे त्या दिवशी छत्री उघडून बसला होता तिथेच. खाली जावं की आईला बोलवावं हे त्याला ठरवता आलं नाही, म्हणून त्याने दोन्ही केलं नाही.

आठवड्याभरात हौसाचा भाऊ मंडणगडाकडून तिला न्यायला आला. तिने निरोप धाडला होता की भावाने आपण होऊन ऐकलं, कळलं नाही. येसूबाई दाराशी बसून पुन्हा पुन्हा म्हणत होती, मी कुठे काय बोलले, तू राहा की. हौसाने माळ्यावरून आपली पेटी काढली, तिच्यावरची गोवरीची भुकटी झटकली आणि ती भावाच्या डोक्यावर दिली. भावाच्या घरी तीन मुलं आणि म्हातारी आई. तिथेही पडवीच असणार, हे तिने स्वतःच उमाबाईंना सांगितलं. उमाबाईंनी तिची नारळ-तांदळाने ओटी भरली.

आगराच्या बेड्यापाशी, आत शिरायच्या आडव्या दांड्यांपाशी, भास्कर उभा होता. त्याने वाटेत काहीतरी हलकं बोलायचं म्हणून रात्रभर तयारी केली होती, मॅट्रिकला कधी केली नव्हती तशी, आणि ऐन वेळी ते सगळं गेलं.

शेवटी तीच म्हणाली, "भाऊनू, तीन ऱ्हायली हां तुमच्याकडं."

"देईन," भास्कर म्हणाला.

"बगू," ती म्हणाली आणि भावाच्या मागून घाटीला लागली.

महिपत त्या शिमग्याला आला नाही. नंतरही त्याने आईला पैसे पाठवले, पण तो आल्याचं कुणी सांगितलं नाही. चैत्रात बाव उपसायला वाडीतली दुसरी माणसं आली. ह्या वेळी भास्करने छत्री घेतली नाही. धोतर खोचून तो स्वतः आळ्यापाशी बसला आणि ओतलेली प्रत्येक टोपली हातांनी कालवून बघू लागला. गडी हसले. एकाने विचारलं, भाऊनू, मोहरा पुरल्यात काय आजोबांनी? भास्कर म्हणाला, हो, पुरल्यात. हौसाची दोन्ही कासवं बावीत खुशाल होती, चांगली तळहाताएवढी. ती गड्यांनी टोपलीत, ओल्या गाळात, बाजूला ठेवली. पण पिल्लू एकाही टोपलीत निघालं नाही. पुढच्या वर्षीही नाही.

डोण सड्याच्या कडेला अजून आहे. पावसाने तिची माती दर वर्षी धुपते, आणि दर वर्षी दिवाळीनंतर वकिलाकडून येता येता भास्कर कातळाच्या फटीतली चिकणमाती खणून नेतो, अंगठ्याने दाबून छिद्रं बुजवतो, कौल जागच्या जागी पालथं घालतो, वहाळावर धुतलेली वाळू उतारावर पसरतो. उमाबाई एकदा म्हणाल्या, कुणासाठी रे हे? तो म्हणाला, देणं आहे एक. मंडणगडाकडचं कुणी बाजाराला भेटलं तर तो हौसाची चौकशी करतो. कधी कुणाला ठाऊक असतं, कधी नसतं. कळलंच तर एवढंच, की आहे, भावाकडे आहे, कामाला जाते. तीन पिल्लं तिला अजून पोचायची आहेत.